गुडघ्यामागची दोरी

"अजून आवळू?" नेरिडानं विचारलं.

"आवळ. बसचे ब्रेक दाबून पाय घट्ट झालेत माझे," रसेल म्हणाला आणि दात आवळून हलकंसं वजन टाचेनं मागे ओढू लागला. मांडीवरच्या पट्ट्यानं रक्त अडवलं होतं. पाय जांभळट पडला होता.

सिडनीतल्या त्या प्रयोगशाळेत धडधाकट माणसांवर अभ्यास चालला होता. मांडी आवळून हलकं वजन उचललं, तर स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा जड वजन उचलल्यासारखीच भक्कम होते का, हे संशोधक नेरिडाला पाहायचं होतं. बाकीचे लोक मांड्या किती भरल्या ते विचारायचे. बसड्रायव्हर रसेलचा प्रश्न एकच, "गुडघ्यामागची दोरी जाड झाली का गं?"

"ह्या वयात कुठली शर्यत जिंकायचीय?" नेरिडा चिडवायची. तो हसायचा नाही.

एकदा घाम पुसता पुसता तो म्हणाला, "माझी लेक टिली नेटबॉल खेळायची. पाय दुखतोय म्हणत होती, तरी मी तिला दटावून फायनलला उभी केली. कोसळलीच, गुडघाच निकामी झाला. तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही."

मनाची टोचणी हा माणूस कसरतीत बुडवतोय, असं नेरिडाला वाटलं.

कसरतीचे आठवडे संपल्यावरच्या तपासणीत त्याची कंडरा चांगलीच जाड भरली. जड वजनं उचलणाऱ्यांच्या तोडीस तोड. रसेल सोनोग्राफीच्या पडद्यावरची ती कंडरेची रेघ बघतच राहिला.

"पुरेल," तो पुटपुटला.

कसरत थांबवल्यावर कंडरा तशीच टिकते का, हे बघायच्या तपासणीला तो महिनाभर उशिरा आला, तोही लंगडत. नेरिडानं यंत्र गुडघ्यामागे फिरवलं आणि तिचा हात थबकला. तिथं रेघच नव्हती.

"ही तर कापून काढलीय! चांगल्या पायावर सुरी कशाला फिरवून घेतलीस? माझ्या मेहनतीवर पाणी ओतलंस रसेल. स्वतःपलीकडे कुणाचा विचारच नाही तुला!"

"सांगायला हवं होतं मी," रसेल म्हणाला. "पण तू अभ्यासात घेतलंच नसतंस, तर?"

तेवढ्यात दार ढकलून कुबड्या घेतलेली एक मुलगी आत डोकावली. "डॅड, चल ना. किती वेळ?"

तिच्या गुडघ्याला ऑपरेशननंतरचा आधारपट्टा होता. नेरिडाची नजर त्यावरून रसेलच्या पायाकडे वळली.

"वाया नाही गेली गं," रसेल हळूच म्हणाला. "तिच्या गुडघ्यात बसवलीय."