ब्रेक लागत नाहीत हो!

"बाजूला व्हा! ब्रेक लागत नाहीत!" असं ओरडत औषधवाले उतारावरून आले आणि शिंप्याच्या दारात टांगलेल्या शर्टांच्या रांगेत शिरले. बाहेर पडले तेव्हा एका बाहीने त्यांच्या गळ्यात हात टाकला होता. शिंप्याने आधी शर्ट झटकले, मग त्यांना.

घर टेकडीवर, औषधांचं दुकान पायथ्याशी. मधला रस्ता खडबडीत, म्हणून त्यांनी जाड टायरची माउंटन बाइक घेतली होती. तिचे डिस्क ब्रेक कितीतरी दिवस ढिले होते. लिव्हर पार मुठीला टेकवला तरी सायकल आपल्याच तंद्रीत. एरवी खाली रस्ता पुन्हा चढायला लागायचा, तिथे ती दमून थांबायची. आज वळणच चुकलं.

बातमी त्यांच्या आधी घरी पोचली.

"अहो, हाडं मोडली तर मलम आणायला मी कुणाच्या दुकानात जाऊ?" बायको म्हणाली. "आज सायकल दुरुस्त झाली नाही, तर उद्यापासून चालत जायचं."

सायकलवाल्याने सायकल स्टँडला अडकवली आणि लिव्हर दोन-तीनदा दाबून पाहिला.

"स्पंज दाबल्यासारखा लागतोय. नळीत हवा शिरलीय. तुम्ही इथे कितीही दाबा, सगळा जोर ती हवाच खाऊन टाकते. पॅडपर्यंत काही पोचतच नाही."

"म्हणजे हिला गॅस झालाय म्हणा की!" औषधवाले म्हणाले. असली तक्रार ते रोज ऐकत होते.

सायकलवाल्याने सिरिंजने खालून ताजं ब्रेक ऑइल ढकललं. वरून बुडबुडे येत राहिले. ते थांबल्यावर त्याने पॅड घासले, डिस्क स्पिरिटने पुसली आणि बजावलं, "आता एवढं जपा. डिस्कला तेलाचं बोट लागू देऊ नका. लागलं, की ब्रेक गेलाच समजा."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच फाटकात मावशी उभ्या होत्या. रोज नुसता हात हलवायच्या. औषधवाल्यांना राहवलं नाही. त्यांनी दोन बोटांनी लिव्हर दाबला आणि सायकल जागच्या जागी खिळली.

"अगंबाई! थांबते की!" मावशी म्हणाल्या. "मग थांबलाच आहात तर एवढं बघा हो." आणि आतून गोळ्यांनी भरलेली पिशवी घेऊन आल्या.

पुढच्या फाटकात पेन्शनर काका होते. काकांना पोटाचा त्रास होता, आणि तो मुळापासून सांगायची सवय होती. "बालपणापासून ऐका, म्हणजे धागा लागेल," ते म्हणाले. धागा लागेपर्यंत उन्हं चढली. दुकानाच्या बंद शटरपुढे खोकणाऱ्यांची रांग लागली होती. ती वरच्या वळणापासूनच ऐकू आली.

मग रोज तेच. नाही म्हणायची सोय नव्हती. एका सकाळी त्यांनी जुन्या सवयीने "ब्रेक लागत नाहीत!" असं ओरडून पाहिलं.

"छे हो!" काका रस्त्याच्या मधोमध येत म्हणाले. "काल तर कसे कचकन थांबलात!"

रांगेतली माणसं हळूहळू पलीकडच्या दुकानात खोकायला जाऊ लागली. शेवटी औषधवाले सायकलवाल्याकडे गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "जरा पहिल्यासारखे करून द्याल का?"

"मी दुरुस्त करतो," सायकलवाला म्हणाला. "बिघडवायचं काम गिऱ्हाईकं आपापलं करतात."

औषधवाल्यांनी आपापलं करायचं ठरवलं. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी एरंडेलाची बाटली उघडली. एक बोट पुढच्या डिस्कला, एक मागच्या.

सकाळी उताराला लागताच त्यांनी दोन्ही लिव्हर दाबून पाहिले. सायकल किंचाळली, पण थांबली नाही. आयुष्यभरात त्यांनी पुष्कळांना एरंडेल दिलं होतं, पण इतका झटपट गुण कुणाला आलेला पाहिला नव्हता. औषधवाल्यांचं मन भरून आलं.

"ब्रेक लागत नाहीत हो!"

"अरेरे! परत बिघडले का?" मावशींनी पिशवी खाली घेतली.

"हो ना!" ते इतक्या आनंदाने म्हणाले, की मावशी बघतच राहिल्या.

काकांचं फाटक रिकामं होतं. औषधवाल्यांना क्षणभर चुकल्याचुकल्यासारखंसुद्धा झालं. मग वारं तोंडावर आलं, खालचं दुकान दिसू लागलं, आणि ते शीळ घालू लागले.

तेवढ्यात मागून खडखडाट ऐकू आला. त्यांनी वळून पाहिलं. काका सुनेच्या सायकलवर बसून येत होते. पायजम्याच्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा, पुढच्या बास्केटमध्ये फडफडणारी रिपोर्टांची फाइल. बघता बघता ते शेजारी आले.

"सूनबाई रागावली मला!" काका वाऱ्यावर ओरडले. "म्हणाली, तुमच्यामुळे त्यांना दुकानाला उशीर होतो. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, यापुढे तुम्हाला थांबवायचं नाही. आपणच बरोबर जायचं."

"काका, सांभाळा! माझे ब्रेक खरंच लागत नाहीत!"

"माझेही लागत नाहीत!" काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे आता कुणी मध्येच थांबायला नको. तर, मी चौथीत होतो तेव्हा पहिल्यांदा पोट बिघडलं..."