दहा बोटं

“साहेब, तुम्ही बसा खुर्चीवर. आत वास असतो. मी बघून सांगतो, तुम्ही लिहा.” शवागारातला मदतनीस पहिल्या दिवशी असं म्हणाला, तेव्हा डॉक्टर अवघडले होते. बावीस वर्षांत ते अवघडणंही गेलं. मदतनीस आतून ओरडून सांगे, डॉक्टर बाहेर बसून लिहून घेत आणि उरलेले रकाने सवयीने भरत.

आज समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. ऑटोप्सीच्या अहवालातल्या एका ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती : ‘दोन्ही हातांची दहाही बोटं शाबूत.’

“माझ्या मुलाला डाव्या हाताची करंगळी नव्हती, डॉक्टरसाहेब. लहानपणी कागद कापायच्या यंत्रात गेली.”

“टायपिंगची चूक असेल, काका.”

“मलाही आधी तसंच वाटलं. जन्मभर लोकांच्या चुकाच काढल्या ना! पण मग कोश उघडला. ऑटोप्सी हा शब्द मूळचा ग्रीक. अर्थ काय, तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं.” बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळला. “नदीतून काढलेला देह. ओळख पटली ती नुसत्या सदऱ्यावरून. आम्हाला तर बांधूनच दिला. पण तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, बोटं मोजलीत. म्हणजे तो दुसराच कुणीतरी होता. माझं लेकरू आहे कुठेतरी. घरी त्याच्या आईने आज त्याचंही ताट वाढलंय.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“काका, मी आत गेलोच नव्हतो.”