भुरळ म्हणजे

“भुरळ मतलब?” महिला हवालदारानं विचारलं.

प्रेमलाबाईंच्या आधी त्यांचा मोठा मुलगा धनंजय बोलला. “मॅडम, सीधासा शब्द है. किसी का मन किसी पर आ जाए, तो मराठी में बोलते हैं, भुरळ पडली. दुकान की साड़ी की भी पड़ती है.”

तिनं ते लिहून घेतलं.

पोलीस ठाण्यातल्या त्या टेबलापलीकडे प्रेमलाबाईंची धाकटी सून केवरा बसली होती. उतई गावची, छत्तीसगढी घरातली. धाकट्या मुलानं, सुमेधनं, आईचं न ऐकता तिच्याशी लग्न केलं होतं. दोन महिन्यांपूर्वी अहिवाऱ्याच्या रस्त्यावर ट्रकनं सुमेधला उडवलं. तेरवीला जमलेल्या बायकांसमोर प्रेमलाबाई रडत म्हणाल्या होत्या, हिनं माह्या पोराले भुरळ घातली. आठवडाभरात रिसालीतली सगळी गल्ली केवराला टोनही म्हणू लागली. टोनही म्हणजे चेटकीण. परवा कुणीतरी तिला दगड मारला. कपाळावर पाच टाके पडले.

“किसी को टोनही बताना जुर्म है, अम्माजी. जेल होती है,” हवालदार म्हणाली. “बेटा जो बोल रहा है, वही मतलब है न?”

“हो म्हण, आई,” धनंजय हळूच म्हणाला. “नाही तर तुले आत टाकतीन. अन् खोटं थोडीच आहे? अर्थ तोच आहे.”

खोटं नव्हतं. सुमेधचा जीव तिच्यावर जडला होता, एवढंच घडलं होतं.

प्रेमलाबाईंनी केवराकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. टाक्यांवर माशी बसली. तिनं हाकलली नाही.

“शब्दाचा अर्थ तोच आहे,” प्रेमलाबाई म्हणाल्या. “पण मी तसं नव्हती म्हणत.”

“आई, चूप राह्य.”

“शेजारणीनं मले विचारलं, टोना किया क्या? मी हो म्हणून मान हलवली.” मग त्या हवालदाराकडे वळल्या. “इसने कुछ नहीं किया. मेरा लड़का मेरी नहीं सुनता था, इसकी सुनता था. उसका गुस्सा था मुझे. ये लिखो.”

धनंजय उठून बाहेर गेला. केवरानं भिंतीवरची नजर काढून सासूकडे पाहिलं.

“सोच लो अम्माजी,” हवालदार म्हणाली.

“लिखो.”

तिनं आधीचा कागद बाजूला सारला आणि नवा घेतला. लिहायला बराच वेळ लागला. मग तिनं कागद पुढे सरकवला.

प्रेमलाबाईंनी चष्मा लावला. बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. हिंदीत ‘भुरल’ लिहिलं होतं. त्यांनी पेन मागून घेतला, ‘ल’ खोडून वर ‘ळ’ काढला, आणि मग खाली सही केली.