माझं बघून

शुभांगी गंगापूर रोडच्या मैदानावर मुलींना घोडेस्वारी शिकवायची. परीक्षा तोंडावर आली, तरी अख्खा वर्ग खोगिरावर उजवीकडेच कललेला.

“सरळ बसा गं! नापास व्हाल अशानं,” ती काकुळतीला आली.

“मॅडम, तुम्ही बसता तश्शाच तर बसतोय!” निकिता म्हणाली.

शुभांगी घोड्यावर चढली आणि तिनं पहिल्यांदाच स्वतःच्या अंगाकडे लक्ष दिलं. खरंच की! वर्षभराच्या लेकाला, साईला, दिवसभर डाव्या कडेवर घेऊन उजवा खांदा पार खाली आला होता. श्वास सोडून, दोन्हीकडे सारखा भार देत ती ताठ बसली आणि निमूट फेरी मारली. मागे पाहिलं, तर सगळी रांग ताठ.

घरी येताच तिनं साईला नवऱ्याकडे दिलं.

“अहो, परीक्षेपर्यंत हा तुमच्या कडेवर. माझं बघून तिकडं अकरा पोरी घोड्यावर बसतात!”