‘हिरवी लुना’चं आठवं गाणं

बेलपर्यंत गेलेला हात दिनेशरावांनी तिसऱ्यांदा मागे घेतला. उद्या अकराला शूटिंग होतं. त्याआधी साधनाला सगळं सांगून टाकायचंच, असं ठरवून ते नाशिकहून दिंडोरीला आले होते आणि आता तिच्या दारात चुळबुळत उभे होते. बासष्ट वर्षांचा संगीतकार, पण अवस्था गृहपाठ न केलेल्या पोरासारखी.

दार आतूनच उघडलं.

“सर, कधीचे उभे आहात? खिडकीतून दिसताय मला,” साधना म्हणाली.

सत्तावीस वर्षांनी भेटत होते दोघं. आत एक म्हातारी परातीत वाटाणे सोलत बसली होती.

“आई, हे दिनेश सर. कॅसेटवाले,” साधना मोठ्यानं म्हणाली. म्हातारीला ऐकू कमी येत असावं. सासूबाई असतील, असं समजून दिनेशरावांनी हात जोडले.

‘हिरवी लुना’ ही ती कॅसेट. अठ्ठ्याण्णव साली आली आणि रसवंतीपासून लग्नाच्या बँडपर्यंत जिल्ह्यात तीच वाजू लागली. आता नव्या पोरांनी ती मोबाइलवर शोधून काढली आहे. आठव्या गाण्यावर तर सगळे जीव टाकतात. शेवटच्या कडव्यात साधनाचा आवाज चिरतो आणि ती तशीच पुढं गाते. योगिनी नावाच्या मुलीनं त्या कॅसेटवर फिल्म करायला घेतली, की-बोर्ड वाजवणाऱ्या कुंदनला गाठलं, आणि कुंदन नको ते बोलून बसला. काल फोन करून त्यानंच ते कबूल केलं.

“उद्या येणार ना तू?” दिनेशरावांनी विचारलं.

“येणार की. ती योगिनी सारखी विचारते, त्या गाण्यात तुम्हाला झालं होतं काय?”

“मग? काय सांगितलंस?”

“सर्दी.”

दिनेशरावांना हसू आलं नाही. ते उठले, खिडकीशी गेले, परत येऊन बसले. चहाला त्यांनी हातही लावला नाही.

“साधना, उद्या दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. स्टुडिओ कुठं होता, आठवतंय ना?”

“सातपूरला. वर्कशॉपच्या वर.”

खाली प्रेस मशीन चालू असलं की वर माइक थरथरायचा. म्हणून रेकॉर्डिंग फक्त वर्कशॉपच्या सुट्टीला, शनिवारी. तो शेवटचा शनिवार होता. सोमवारी मुंबईच्या कंपनीला टेप द्यायची होती, नाहीतर ते दुसऱ्या कुणाची कॅसेट काढणार होते.

“त्या दुपारी खाली फोन आला. मीच घेतला,” दिनेशराव म्हणाले. “एक माणूस होता. म्हणाला, साधनाचा भाऊ बोलतोय. आई सीरियस आहे, तिला लगेच पाठवा.”

साधना त्यांच्यासमोर येऊन बसली.

“हो म्हटलं, वर आलो, आणि सांगितलं, चला, आठवं गाणं घेऊ. फक्त कुंदनला बोललो. तू सारखी विचारत होतीस, फोन आला का, काही निरोप आहे का. मी तोंड वर करून नाही म्हणालो. वाटलं, बिचारीला आतून जाणवलं असेल. गाणं संपल्यावर सांगणार होतो गं. पण मी टेप आवरेपर्यंत तू निघून गेलीस. पुन्हा स्टुडिओत पाऊल ठेवलं नाहीस. तुझ्या आईचं काय झालं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. लोक त्या आवाजाला डोक्यावर घेतात आणि मला आजवर ते गाणं पूर्ण ऐकवत नाही.”

त्यांना रडू आवरेना. म्हातारीनं शेंग हातात धरून त्यांच्याकडं बघितलं.

“काय झालं गं यास्नी?”

“काही नाय आई.” साधनानं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला. “सर, ही माझी आई. माझ्याकडंच असते आता. तिला त्या साली साधा तापसुद्धा आला नव्हता.”

दिनेशरावांनी वळून म्हातारीकडं बघितलं.

“पण तुझा भाऊ...”

“आम्ही चौघी बहिणी. मला भाऊ नाय.”

सत्तावीस वर्षांचं ओझं उतरलं. दिनेशरावांनी डोळे पुसले, चहाचा कप उचलला, थोडे हसलेसुद्धा. “म्हणजे कुणीतरी चावटपणा केला म्हणायचा! आणि मी मेलो एवढी वर्षं!”

साधना हसली नाही.

“सोमनाथ म्हणून होता एक. सातपूरलाच कामाला. घरी चालणार नव्हता,” ती सावकाश म्हणाली. “ठरलं होतं, शनिवारी त्यानं बसस्टँडवर पोचायचं आणि आईचं निमित्त सांगून स्टुडिओत फोन करायचा. मी पर्स उचलून निघायचं. पुण्याला जाऊन लग्न करायचं. संध्याकाळपर्यंत फोन आला नाही, तर त्यानं माघार घेतली समजायचं.”

दिनेशरावांनी कप खाली ठेवला.

“मी साडेसहापर्यंत वाट बघितली. मग तुम्ही म्हणालात, शेवटचं कडवं घे. घेतलं, आणि स्टँडवर न जाता नाक्यावरूनच घरी, कळवणला जाणारी बस धरली. नंतर मैत्रिणीच्या पत्त्यावर त्याची दोन पत्रं आली. भित्र्या माणसाचं काय वाचायचं, म्हणून न फोडता चुलीत घातली. जूनमध्ये घरच्यांनी दाखवलेल्या स्थळाला हो म्हटलं.”

साधना त्यांच्याकडं बघत होती, पण रागानं नाही. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ती थोडी पुढं वाकली होती.

“म्हणजे तो आला होता, सर?”