वीस नंबरचे पिस्टन

"हे इंजिन एकदाही उघडलेलं नाही," दिनकरराव बाबालाल मिस्त्रींना तिसऱ्यांदा सांगत होते. जुनी फियाट त्यांनी कधी कुणाच्या हाती दिली नव्हती. फक्त तीन महिने कामासाठी जमशेदपूरला गेले, तेव्हा किल्ली घरी राहिली होती. त्यांची बायको, कुमुदिनीबाई, स्टुलावर बसून ऐकत होत्या.

मिस्त्रींनी पिस्टन पुसून पुढे धरला. पिस्टनच्या डोक्यावर वीसचा आकडा होता. "साहेब, हा मोठ्या मापाचा पिस्टन. सिलिंडर मागं एकदा बोअर करून मोठे केल्यात. आता परत बोअर मारून चाळीसचे टाकू."

दिनकररावांनी फोन काढला. "हे अरविंदाचेच उद्योग. मी नसताना इंजिन जाळलं आणि गुपचूप दुरुस्त करून ठेवलं. भाऊ असला तरी यंदा गणपतीला त्याला घरात घेत नाही."

अडतीस वर्षं कुमुदिनीबाईंनी ही गोष्ट पोटात ठेवली होती. आणखी अडतीस ठेवली असती. पण दिराचा काही दोष नव्हता, आणि गणपतीत दोनशे मोदक त्याचीच बायको वळायची.

"फोन ठेवा," त्या म्हणाल्या. "गाडी मी शिकले. पन्हाळ्याच्या चढाला रेडिएटरमधलं पाणी संपलं, इंजिन जाम झालं. तुम्ही यायच्या आत करून घेतलं."

मिस्त्री स्वच्छ पिस्टन पुन्हा पुसू लागले.

दिनकररावांनी फोन खिशात ठेवला. "तरीच," ते म्हणाले, "शेजारी बसून मला गिअर कधी बदलायचा ते सांगायचीस."

"चुकायचात म्हणून."