पांढरा सूट

असाबा शहरात बनणाऱ्या सिनेमांत उझोदिन्मा बारा वर्षं चर्चमधल्या पास्टरचंच काम करत होता. भुतं पळवायची, मेलेले उठवायचे. त्याचा स्वतःचा देवावरचा विश्वास मात्र केव्हाच उडाला होता.

त्या दिवशी शूटिंगचा पांढरा सूट उतरवून तो दवाखान्यात आईला भेटायला आला, तरी वॉर्डातल्या नर्सने त्याला गाठलंच. तिने ऑलिव्ह तेलाची बाटली पुढे केली.

"पास्टर, एवढ्या तेलावर प्रार्थना करून द्या."

"अहो सिस्टर, कितीदा सांगू, मी नट आहे. ती पाठ केलेली वाक्यं असतात."

"मग तीच म्हणा की!"

त्याने बाटलीवर हात ठेवून सकाळचा सीन पुन्हा म्हणून टाकला. नर्स डोळे पुसत गेली. तो आईच्या खाटेवर मटकन बसला.

"आई, नाही गं होत आता माझ्याने. मनात काही नसताना लोकांना किती फसवायचं? उद्या सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकतो."

आई कण्हत कुशीवर वळली.



"माझा तरी कुठे उरलाय रे विश्वास? पण तू तिची पहिली बाटली मंतरलीस, तेव्हापासून माझं इंजेक्शन वेळेवर मिळतंय. उद्या सूट घालूनच ये."